किटलीपर्यंत लाईन

आमच्या थॉर्नबेकमध्ये कुणी छोट्या आगगाडीचे रूळ स्वतःच्या हातानं बनवले, तर ते रूळ आहेत की नुसत्या वाकड्या तारा, हे ठरवायचा हक्क गावात एकाच बोटाला होता. क्लेमेंट ऑल्डरॉइडच्या उजव्या हाताच्या तर्जनीला. क्लेमेंट आमच्या रेल्वे क्लबचा अध्यक्ष. उंच, जरा वाकलेला, आणि मिशीत कायम बिस्किटाचा चुरा. तो डोळे मिटायचा, रुळावरून बोट फिरवायचा, आणि वैद्यानं नाडी बघावी तसं बोलायला लागायचा. इथं कानस जास्त चाललीय, इथं कथलाचा डाग जाड बसलाय. एकदा तर म्हणाला, इथं बनवणारा शिंकलाय. आणि जो रॅमशॉला त्या आठवड्यात खरंच सर्दी होती. खोटं बोलत असेन तर माझा चहा गार होवो.

बोटानं पास केलं की दुसरी परीक्षा. क्लेमेंटच्या आजीचं चांदीचं अंगुस्तान होतं, शिवताना बोटात घालायचं. ते एका मालडब्यात उभं करायचं, काठोकाठ चहानं भरायचं, आणि डबा नव्या रुळावरून सोडायचा. थेंब सांडला की रूळ नापास, उखडा आणि पुन्हा बनवा. चहाच का, पाणी का नाही, असं एका परगावच्या माणसानं विचारलं होतं. त्याला सांगितलं, पाणी सांडलेलं दिसत नाही, आणि आमच्या यॉर्कशायरमध्ये पाणी पितं कोण.

तो चहा करायचे मी.

क्लब भरायचा चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये, दर शुक्रवारी. हॉलभर टेबलं मांडून त्यावर आख्खं खोरं उभं केलेलं. डोंगर, गिरणी, बोटाएवढ्या मेंढ्या, आणि त्या सगळ्यातून धावणारी आगगाडी, जिचा एकेक डबा माझ्या वितीएवढा. आणि हॉलला लागून स्वयंपाकघर, त्यात पिंपाएवढी नळाची किटली, आणि मी. मधल्या भिंतीत एक सरकत्या फळीची खिडकी होती, कप बाहेर द्यायला. वर्षानुवर्षं मी गाड्या पाहिल्या त्या एवढ्या खिडकीतूनच. इंजिनाचं नाक दिसायचं, मग दोन डबे, आणि गेलं. पुढं गाडीचं काय झालं ते मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायचं, जसं काही सासरी गेलेल्या मुलीची खबर.

मला एक गाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायची होती. बघायची म्हणजे, खरं सांगायचं तर चालवायची होती. गाडीला या लाईनीवरून त्या लाईनीवर नेणारे खटके ओढायचे होते. ईस्टरनंतर व्हिटसनचा सण येतो, त्या सुट्टीत आमचं प्रदर्शन भरतं, तीन खोऱ्यांतली माणसं येतात. त्या दिवशी खटक्यांजवळ उभं राहायचं, शिट्टी गळ्यात घालून. बास. एवढंच मागणं होतं माझं.

त्या वर्षी संधी आली ती एका हंसामुळे. माझा नवरा विल्फ हा क्लबातला सांधेवाला. सांधा म्हणजे जिथं एका लाईनीच्या दोन लाईनी होतात ती जागा, आणि बनवायला सगळ्यात किचकट काम तेच. प्रदर्शनासाठी स्टेशनाच्या तोंडाशी नवा सांधा हवा होता, आणि नेमका विल्फचा अंगठा भोपळ्याएवढा सुजला. तो सांगतो, मोटारीच्या दारात सापडला. मी सांगते, हंस चावला. हंसाची गोष्ट जास्त चांगली आहे म्हणून गावात तीच चालते.

शुक्रवारी हॉलमध्ये सगळे माना खाली घालून बसलेले. आता सांधा कोण बनवणार? जो रॅमशॉनं हळूच हात वर केला तर बाकीच्यांनी तो खाली ओढला. कारण जोनं मागच्या वेळी बनवला होता तेव्हा काय झालं होतं ते सगळ्यांना आठवत होतं. या रुळांखालचे आडवे स्लीपर म्हणजे तांब्याचा पापुद्रा चढवलेल्या बारीक पट्ट्या. त्यांच्यावर रूळ डाग देऊन चिकटवायचे, आणि मग दोन रुळांच्या मधल्या तांब्याला कानशीनं एक बारीकशी चीर द्यायची, म्हणजे या रुळाची वीज त्या रुळात जात नाही. जो ती चीर द्यायला विसरला. बटण दाबलं मात्र, हॉलचे दिवे गेले, रस्त्यावरचे गेले, आणि चॅपलमधला ऑर्गन आपोआप वाजायला लागला. तोही पुढच्या रविवारचं भजन.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हटलं, मी बनवते.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं क्लेमेंट हसला, आणि ज्या दातांनी हसला ते माझ्या हातचे होते. अर्धं आयुष्य मी गावातल्या डेंटिस्टकडे कवळ्या घासायचं काम केलं. क्लबातल्या निम्म्या तोंडांत माझी कानस फिरलेली आहे.

"डॉर्कस, सांधा म्हणजे केक नव्हे गं," क्लेमेंट म्हणाला.

"कवळी म्हणजे पण केक नव्हे," मी म्हटलं. "तुझी टोचते का कुठे?"

त्यानं जिभेनं चाचपून बघितलं, सवयीनं. आणि टोचत नव्हती, हे सगळ्यांना दिसलं. आता क्लेमेंट रविवारी चॅपलमध्ये प्रवचन करणारा माणूस, चारचौघांत हरलेला त्याला चालत नाही. तो उभा राहिला, मिशीतला चुरा झटकला, आणि अगदी प्रवचनाच्या आवाजात म्हणाला, "तुझ्या सांध्यावरून अंगुस्तान गेलं आणि थेंब सांडला नाही, तर प्रदर्शनाच्या दिवशी खटक्यांवर तू, किटलीवर मी. सांडला, तर इथून पुढं त्या खिडकीतून फक्त कप बाहेर यायचे. डोकं नाही."

माझ्यामागे बेरिल सगडेन कप पुसत होती. बेरिल माझी लहानपणापासूनची मैत्रीण, बोलते कमी, पण फडकं असं पिळते की समोरच्याला त्याचा अर्थ कळतो. तिनं फडकं पिळलं. मी म्हटलं, ठरलं.

मग काय विचारता, आमचं जेवणाचं टेबल गेलं. त्यावर आले रूळ, पट्ट्या, कानशी, चिमटे, आणि डाग द्यायच्या आधी लावायचं ते द्रावण, ज्याचा वास असा की शेजाऱ्याच्या मेंढ्या कुंपणापासून लांब जाऊन चरायला लागल्या. विल्फ माझ्यामागे बसायचा, पट्टी बांधलेला अंगठा झेंड्यासारखा वर धरून, आणि हुकूम सोडायचा. आधी मला राग यायचा. मग लक्षात आलं, माणूस चांगलं शिकवतो, फक्त ओरडून शिकवतो.

सांध्यात दोन चीजा अवघड. एक त्याचं नाक, जिथं दोन रूळ एकमेकांना छेदतात आणि टोकदार होऊन एकत्र येतात. ते जरा जरी बोथट राहिलं तर चाक तिथं ठेच खातं. आणि दुसरी म्हणजे पाती. खटका ओढला की जी सरकतात आणि गाडीला सांगतात, बाई इकडे जा. ती टोकाला इतकी पातळ घासायची की शेजारच्या रुळाला टेकली तर मधे काही आहे हे चाकाला कळता कामा नये. विल्फ म्हणाला, नखावर ठेवलं तर वाकलं पाहिजे. मी घासत बसले. घासता घासता मला गाणं सुचायला लागलं. शेवटी पातं इतकं पातळ झालं की टेबलावर ठेवलं आणि विल्फ दुपारचा घोरायला लागला, तर प्रत्येक घोरण्याला ते इकडून तिकडे व्हायचं. सांधा घोरण्यावर चालायला लागला होता. खटक्याची गरजच नव्हती.

आणि मग तो दिवस, जेव्हा मी पहिल्यांदा त्यावरून डबा ढकलला. टक्. विल्फ म्हणाला, नाक घास. घासलं. टिक्. अजून घास, अगदी श्वासाएवढं. मी कानस एकदा फिरवली, नुसती दाखवल्यासारखी. डबा ढकलला. आणि आवाजच नाही. डबा गेला, जणू काही सांधा तिथं नव्हताच. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. मी पुन्हा ढकलला. मग त्यानं ढकलला, डाव्या हातानं. मग मी. ओव्हनमध्ये मटणाचा पाय जळून कोळसा झाला तरी आम्ही तो डबा इकडून तिकडे ढकलत होतो आणि खिदळत होतो, एवढे म्हातारे झालो तरी. शेवटी मी उसासा टाकला, तर उसाशानंसुद्धा डबा गेला.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. कुठलाही सांधा नकाशावर बांधतात. विल्फनं ट्रेसिंग पेपरवर पूर्ण मापात चित्र काढून दिलं होतं, ते फळीवर चिकटवायचं, आणि त्याच्यावर पट्ट्या, पट्ट्यांवर रूळ. ट्रेसिंग पेपर हा दोन्हीकडून सारखाच दिसतो. त्यावर विल्फनं सूचना लिहिल्या होत्या, पण विल्फचं अक्षर असं आहे की सुलटं काय नि उलटं काय, दोन्हीकडून सारखंच लागत नाही. माझ्याकडे बिशप नावाचं मांजर आहे. मी पेपर फळीवर ठेवून गोंद आणायला गेले, तेवढ्यात बिशप त्यावर लोळून गेला. आल्यावर मी पेपर सरळ केला आणि चिकटवला.

तेव्हा मला काहीच वाटलं नाही. इतरांनासुद्धा वाटलं नाही, आणि गंमत तीच आहे.

शुक्रवारी आम्ही फळी पंच्यात गुंडाळून, नव्या बाळाला नेतात तशी हॉलमध्ये नेली. टेबलावर ठेवली. क्लबातले सगळे पुरुष आपापली भिंगं घेऊन तिच्यावर वाकले, डोक्याला डोकं लावून. कुणी पातं बघतोय, कुणी डाग. जो म्हणाला, स्लीपरचा रंग जरा गडद आहे, आपल्या खोऱ्यात पाऊस जास्त, लाकूड करडं पडतं. दुसरा म्हणाला, हा तिसरा स्लीपर केसभर तिरका वाटतो. मी म्हटलं, तुझं नाक तिरकं आहे, भिंग सरळ धर. एवढी जाणकार मंडळी, एवढी भिंगं, आणि एकानंही चार पावलं मागं जाऊन तो सांधा वळतोय कुठल्या बाजूला, हे बघितलं नाही.

क्लेमेंटनं डोळे मिटले आणि बोट टेकवलं. बोट चाललं. पात्यावर आलं. थांबलं. मागं गेलं, पुन्हा पुढं. मग त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, पातं संपतं कुठं? कुणाला सांगता येईना. त्यालाही सापडत नव्हतं. मिशी तेवढी एका बाजूनं हलली.

मग अंगुस्तान आलं. बेरिलनं चहा ओतला, इतका काठोकाठ की वर फुगवटा आला. जो म्हणाला, हे जास्त झालं. बेरिलनं त्याच्याकडे बघून आणखी एक थेंब घातला. क्लेमेंटनं डब्याला बोट लावलं, आणि डबा निघाला. विल्फनं माझा हात धरला होता, तोही त्याच्या सुजलेल्या अंगठ्याच्या हातानं, आणि दोघांनीही इतका दाबला की त्याला ओरडावंसं वाटत होतं पण ओरडला असता तर चहा हलला असता. डबा पात्यावर आला, वळला, नाकावरून गेला. चहाचा फुगवटा नुसता एकदा थरथरला, झोपेत माणूस कूस बदलतो तसा. आणि पलीकडे पोचला.

थेंब नाही. क्लेमेंटनं रुमालानं रूळ पुसून रुमाल उजेडात धरला. कोरडा.

मग जे काही झालं ते सांगताना मला आजही हसू आवरत नाही. फळी उचलली, आणि मोठ्या टेबलावर तिच्या जागी बसवायला नेली. इकडची लाईन जुळली. सगळ्यांनी दुसऱ्या टोकाकडे बघितलं. स्टेशन होतं उजवीकडे. छान बांधलेलं, फलाटावर बाकं, बाकांवर इवलीशी माणसं गाडीची वाट बघत बसलेली. आणि माझा सांधा वळत होता डावीकडे. लाईन टेबलाच्या कडेपर्यंत जात होती, आणि कडेच्या पुढे हवा.

विल्फ फळीखाली वाकला, वर आला, आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाला, "पेपर."

"बिशप," मी म्हटलं.

मग हसण्याचा जो स्फोट झाला त्यानं म्हणे चॅपलच्या छपरावरची कबुतरं पलीकडच्या गावात जाऊन बसली. जो तर जमिनीवर बसून हसत होता. क्लेमेंट मात्र हसला नाही. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"डॉर्कस, हा सांधा उलटा आहे."

"थेंब सांडला का?"

"स्टेशन तिकडे आहे."

"ते दिसतंय मला. थेंब सांडला का, क्लेमेंट?"

त्यानं वर छताकडे बघितलं, तिथून काही मदत येते का म्हणून. आली नाही. मग म्हणाला, सांडला नाही, मी शब्द फिरवणार नाही. पण प्रदर्शनात गाडी कुठंतरी पोचली पाहिजे, आणि कुठंच न पोचणाऱ्या लाईनीवर तुला खटके धरून उभी करणं म्हणजे माझी नाही, तुझीच फजिती. आणि नवा सांधा बनवायला आता वेळ नाही. एवढं बोलून त्यानं टोपी घेतली. आणि मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण माणूस बरोबर बोलत होता. माझ्या डोळ्यांसमोर ती खिडकी आली, आणि तिच्यातून जाणारे माझे हात, कप धरलेले.

तेवढ्यात ती खिडकीच उघडली. खाडकन. आत बेरिल उभी, फडकं खांद्यावर. तिनं आपल्या बाजूनं बघितलं तेव्हा तिला काय दिसलं असेल? माझी लाईन सरळ तिच्या नाकासमोर आलेली. टेबलाची कड, मधे हातभर हवा, आणि पुढे खिडकीचा उंबरठा, अगदी टेबलाच्याच उंचीचा.

"इकडे पाठवा की," बेरिल म्हणाली. "साखरेचा डबा हलवला तर स्टेशन मावेल."

मी सांगते, त्यानंतर मी मोठी माणसं इतकी पोरं झालेली कधी पाहिली नाहीत. जो फळी कापायला धावला. विल्फ एका हातानं मापं घेत होता आणि दुसऱ्या हाताचा अंगठा, कुणाचा धक्का लागू नये म्हणून, डोक्यावर धरून फिरत होता. सरळ रूळ टाकणं सोपं, ते भराभर पडत गेले, खिडकीतून आत, ओट्यावरून, ब्रेडच्या डब्याला वळसा घालून थेट किटलीच्या नळाखाली. लाईनच्या शेवटी बेरिलनं बिस्किटांच्या डब्याचं स्टेशन उभं केलं. क्लेमेंट टोपी हातात धरून लाईनच्या कडेकडेनं किटलीपर्यंत जाऊन आला. मग टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, लाईन किटलीपर्यंत जाणार असेल तर चहा वाहून आणणार. रिकामे डबे फिरवायला मी परवानगी देणार नाही. आणि प्रदर्शनात, लोकांसमोर, तुझ्या सांध्यावर एक थेंब सांडला, तर त्याच क्षणी तू आत आणि मी बाहेर.

मी म्हटलं, मंजूर. आणि शिट्टी मागून घेतली.

व्हिटसनच्या शनिवारी हॉल असा भरला की माणसं श्वास आळीपाळीनं घेत होती. मी खटक्यांसमोर. नवा ड्रेस, गळ्यात शिट्टी, एका हाताखाली गाडीचा वेग कमीजास्त करायचा रेग्युलेटर. विल्फ शेजारी. आत स्वयंपाकघरात क्लेमेंट, बेरिलचा फुलाफुलांचा एप्रन बांधून, तोंड असं की जणू कुणाच्या अंत्यविधीला आलाय. त्याच्याजवळ अंडी उकडून ठेवतात ते चिमुकले कप होते. एकेका डब्यात एकेक कप, काठोकाठ. गाडी आतून भरून निघायची, खिडकीतून बाहेर यायची, माझ्या सांध्यावरून मोठ्या लाईनीला लागायची, आणि हॉलभर फिरत लोकांच्या पुढ्यात जायची. लोक कप उचलायचे, एक घोट घ्यायचे, रिकामा कप परत ठेवायचे. टाळ्या वाजवायचे. मी गाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघत होते, पुन्हा पुन्हा, आणि मला कळत नव्हतं की माझे पाय जमिनीला लागलेत की नाही. विल्फ म्हणतो लागले होते. मला तसं वाटत नाही.

आता पलीकडच्या खोऱ्यातल्या क्लबाचे अध्यक्ष पिकर्सगिल. हा माणूस प्रदर्शनाला येतो तो चुका शोधायला. बरोबर माझ्या सांध्यापाशी येऊन उभा, एका हातात भिंग, दुसऱ्यात बेदाण्यांचा बन. वाकून बघतोय. बघताना बन चावतोय. आणि बनातून एक बेदाणा निसटला, आणि पडला कुठं, तर पात्याच्या आणि रुळाच्या मधे.

मला दिसला. गाडी त्याच वेळी खिडकीतून बाहेर पडत होती, सगळे डबे भरलेले. मी खटका ओढला. पातं सरकलं, बेदाण्यावर अडलं, पुरतं टेकलं नाही. फट राहिली. तशीच गाडी आली असती तर चाक फटीत आणि चहा मेंढ्यांवर. गाडी थांबवावी, तर एवढे भरलेले कप गचका खाऊन सांडणार. चालू ठेवावी, तरी सांडणार. हात घालून बेदाणा काढावा, तर मधे पिकर्सगिलचं पोट. मी खिडकीकडे बघितलं. आत क्लेमेंटनं एप्रनची गाठ सोडायला हात मागे नेला होता. त्यालाही दिसलं होतं.

मग मला ते घोरणं आठवलं. माझं पातं किती हलकं आहे ते.

मी खटका सोडला, ओढला, सोडला, ओढला, इतक्या भराभर की विल्फला वाटलं मला फेफरं आलं. पातं टक टक टक बेदाण्याला मारत होतं, कुत्रा शेपटीनं माशी हाकतो तसं. बेदाणा हलला. फिरला. इंजिन सांध्याच्या नाकाशी आलं होतं. मी सगळा जीव एकवटून एकदा ओढला, आणि बेदाणा उडाला. वर, पार दिव्यापर्यंत गेला, तिथं जरा थांबला, आणि खाली आला. नेमका तेव्हाच पिकर्सगिलनं चूक सांगायला तोंड उघडलं होतं.

गप्पकन मिटलं. त्यानं चावलं. गिळलं. ती चूक काय होती ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही, ती त्याच्या पोटातच आहे. तो एवढंच म्हणाला, बेदाणा चांगला आहे.

आणि गाडी माझ्या सांध्यावरून गेली. डब्यामागून डबा, कपामागून कप, आणि एकाही कपात लाट उठली नाही. विल्फ रूळ पुसायला वाकला, रुमाल वर धरला, कोरडा. मी शिट्टी वाजवली. गरज नव्हती, पण वाजवली.

क्लेमेंटचा हात एप्रनच्या गाठीवरच होता. त्यानं गाठ पुन्हा बांधली, यावेळी घट्ट. आणि मग त्याच्या तोंडावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. कारण रिकामे कप घेऊन गाडी आता त्याच्याकडे परत निघाली होती, खिडकीतून आत, ब्रेडच्या डब्याला वळसा घालून, थेट त्याच्या हातात. हॉलमधले सगळे लोक गाडीच्या मागं मागं खिडकीशी येऊन उभे राहिले होते, आत डोकावत, आणि सगळ्यांच्या समोर क्लेमेंट ऑल्डरॉइड उभा होता, लाईनच्या शेवटच्या स्टेशनाचा स्टेशनमास्तर. दुपारपर्यंत त्यानं कुठून तरी स्टेशनमास्तरची टोपी पैदा केली. संध्याकाळपर्यंत तो जोला ओरडत होता की पावणेचारची गाडी उशिरा का आली.

त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. खटके माझ्याकडेच आहेत. क्लेमेंटला आम्ही म्हटलं, बाबा ये आता बाहेर, कुणाला तरी दुसऱ्याला बसव किटलीवर. तो हलत नाही. एप्रनला त्यानं पितळी बटणं लावून घेतली आहेत. बेरिलनं फडकं पिळून पाहिलं, तरी नाही. सांधा अजून तिथंच आहे, डावीकडे वळलेला, आणि स्टेशनावरच्या बाकांवर ती इवलीशी माणसं अजून गाडीची वाट बघत बसली आहेत. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.

एकच तक्रार आहे माझी. चहा किटलीतून निघतो तेव्हा उकळता असतो, जीभ भाजेल असा, हे बेरिल शपथेवर सांगते. बाकी सगळ्यांपर्यंत गरम पोचतो. पण माझ्या कपापर्यंत आला की गार. त्या पहिल्या शनिवारपासून आजपर्यंत, दर वेळी, अगदी बर्फासारखा. मी क्लेमेंटला म्हटलं, तू मुद्दाम करतोस. तो म्हणतो, मी नाही. विल्फला विचारलं, तर तो पेपर वाचता वाचता म्हणाला, "डॉर्कस, दिवसभर चहाची शपथ घेऊन लोकांना तो बेदाणा दिव्यापर्यंत उडाल्याचं सांगत असतेस. मग चहा कसा गरम राहील?"